जुन्या ब्राउझरांचे सोयरे

अप्पांनी फोन लावला की समोरच्याला 'हॅलो' म्हणायची उसंत मिळायची नाही. "बसले का मशीनपुढं? मग वरून सांगत या, काय काय दिसून राहिलं," अशी थेट सुरुवात व्हायची. आवाज दणदणीत. आमचं दुकान नांदेडात वजिराबादच्या एका बोळात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या माडीवर होतं. तो बिचारा कधीकधी डोळ्याला भिंग तसंच ठेवून जिना चढून यायचा आणि म्हणायचा, "अप्पा, फोन कामून लावता? खिडकी उघडा अन् बोला. देगलूरला ऐकू जाईल." अप्पा हसायचे आणि त्याच पट्टीत पुढं बोलायला लागायचे.

मन्मथअप्पा बिरादार. मूळचे उदगीरचे. ते गेले त्याला आता वर्ष होत येईल. त्यांच्याविषयी लिहायचं तर कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं. मग वाटलं, फोनपासूनच करावं. माझं जे काही बरं झालं, ते त्यांच्या त्या फोनांमुळेच झालं.

दुकान वेबसाइट बनवून देण्याचं होतं. पाटीवर झकास इंग्रजी नाव होतं, पण अप्पांनी त्याला कधी ऑफिस म्हटलं नाही, कंपनी तर नाहीच. दुकान. गिऱ्हाइकं म्हणजे कॉलेजं, पतसंस्था, दवाखाने, एखादी बाजार समिती. अप्पा सायन्सचे पदवीधर, आणि स्वतःच्या हुशारीविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत पहिली वेबसाइट मी केली," असं ते नव्या गिऱ्हाइकाला चहाच्या आधीच सांगून टाकायचे. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मिशा मात्र काळ्याकुट्ट रंगवलेल्या. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मिशी समोरच्याला दिसती, माय. डोक्याकडं कोण बघून राहिलं?"

मी त्यांच्याकडं आले तेव्हा लातूरहून डिप्लोमा करून आले होते. गाव देगलूर तालुक्यातलं. घरी शेती, थोरला भाऊ शेतातच, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते फार बोलणारे नव्हेत. नोकरीचं विचारलं तेव्हा त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच सांगितलं होतं, "एक वरीस कर. मग मी तुझं बघतो." 'बघतो' म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. वर्ष संपलं की स्थळं, आणि स्थळ पक्कं झालं की नांदेड संपलं. पहिल्या दिवशी अप्पांच्या दुकानाचा जिना चढताना मला आनंद होता, पण त्या आनंदाला मुदत घातलेली होती. हे वर्ष संपू नये, एवढंच मला वाटत होतं.

मी केलेलं पहिलं पान एका दवाखान्याचं होतं. डावीकडं डॉक्टरांची नावं, उजवीकडं वेळापत्रक, खाली अपॉइंटमेंटचं बटण. मला फार आवडलं होतं. अप्पांनी ते पाहिलं, माझ्या डब्यातला ठेचा न विचारता उचलला, भाकरीला लावला आणि म्हणाले, "चांगलंय. सहा नंबरला विचारू."

सहा नंबर म्हणजे देगलूरचे सलीमभाई. त्यांचं एसटी स्टँडजवळ नेट कॅफे होतं, आणि त्यांच्या मशीनवर एका जुन्या ब्राउझरची सहावी आवृत्ती होती. अहमदपूरच्या एका शाळेतल्या क्लार्क सुलोचनाबाई आठ नंबर. दोन्ही जिल्ह्यांत अप्पांची अशी माणसं पसरलेली होती, आणि अप्पा त्यांना त्यांच्या ब्राउझरच्या नंबरानं ओळखायचे. "सात नंबरच्या घरी नातू झाला," म्हणून त्यांनी एकदा पेढे वाटले होते. मी सगळा दिवस त्या सात नंबरचं नाव काय असेल असा विचार करत बसले.

माझं दवाखान्याचं पान सलीमभाईंनी उघडलं आणि वरून सांगत आले. फोन स्पीकरवर होता, तो नेहमीच असायचा. "अप्पा, डॉक्टर लोगां तो दिख रहे. टाइम किधर का किधर गया, नीचे उतर गया पूरा. और बटन है क्या? बटन तो मेरे को दिखताच नहीं."

बटण नव्हतं. माझ्यासमोर होतं, पण देगलूरला नव्हतं. उजवीकडचा रकाना त्या जुन्या ब्राउझरमध्ये मावत नव्हता म्हणून खाली घसरला होता, आणि बटण त्या रकान्याखाली झाकलं गेलं होतं. मी म्हणाले, त्यांनी ब्राउझर नवा टाकून घ्यावा, फुकट मिळतो. अप्पांनी तोंडातला घास थांबवला.

"तिथं कोण येऊन बसतं, ठाव हाय का तुला? मशीन त्याचं न्हाई, सलीमभाईचं. त्याला निस्ता नंबर लावायचाय डॉक्टरचा. त्यानं काय टाकावं? पान आपलं हाय. आपण नीट करावं."

दुसरी दुकानं जुने ब्राउझर एखाद्या कोपऱ्यातल्या मशीनवर ठेवून तपासायची. अप्पांना ते पटत नव्हतं. मशीन काही बोलत नाही, आणि माणूस सांगताना जिथं अडखळतो तिथंच पान बिघडलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. ते खरं होतं. सुलोचनाबाईंना रकाना, मथळा असले शब्द यायचे नाहीत. "अप्पा, डावीकडचं उजवीकडच्याच्या अंगावर पडलंय," असं त्या सांगायच्या, आणि तेवढ्यावर अप्पा इकडं कोडमधली नेमकी ओळ शोधून काढायचे. कधी चुकायचेही. मग दोष सुलोचनाबाईंच्या चष्म्याला द्यायचे.

या माणसांवर त्यांचा जीव होता आणि त्यात स्वार्थही होता, दोन्ही सारखंच. दिवाळीला प्रत्येकाच्या घरी फराळ जायचा. लग्नाला, बारशाला, मयतीला अप्पा एसटीनं जायचे. निघताना मात्र दारात उभं राहून हात जोडून एकच विनंती करायचे, "मशीन अपडेट करू नका बरं का."

एकदा सलीमभाईंच्या भाच्यानं सुट्टीत येऊन सगळी मशीनं नवी करून टाकली. सलीमभाईंनी घाबरत घाबरत फोन करून कळवलं. अप्पांनी जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते देगलूरला निघाले, हातात जुन्या ब्राउझरची सीडी. मला गावी जायचं होतं म्हणून मीही सोबत होते. कॅफेत शिरल्यावर सलीमभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "लोगां नवा डलवाने आते अप्पा, तुम पुराना डलवाने आए. क्या बोलूं मैं?" अप्पांनी कोपऱ्यातलं एक मशीन निवडलं, त्यावर सीडी चढवली आणि जुनं पान पुन्हा वाकडंतिकडं दिसलं तेव्हा खुर्चीत मागं रेलून असं हसले, जणू घरचा पाहुणा सुखरूप पोचला असावा. सलीमभाईंनी बिर्याणी मागवली. अप्पा शाकाहारी, त्यांनी कांदा-लिंबू आणि चार केळी खाल्ली.

भांडणंही व्हायची आमची. मला सगळीकडं पान अगदी तंतोतंत सारखं दिसायला हवं असायचं. एका कॉलेजच्या पानावर मी चौकटींचे कोपरे गोल केले होते. जुन्या ब्राउझरमध्ये ते टोकदारच यायचे. मी त्यामागं हात धुऊन लागले, चार ठिकाणी चित्रं चिकटवून खोटे गोल कोपरे तयार करत बसले. अप्पांनी संध्याकाळी विचारलं, काय करून राहिलीस. सांगितल्यावर त्यांचा पारा चढला.

"सारखं दिसाया पाह्यजे असं कोण म्हनलं तुला? त्याला वाचता आलं, बटन सापडलं, अर्ज गेला, संपलं. कोपऱ्यानं कुणाचं अडून राहिलं? तू त्याचं दार सोडून उंबऱ्यावरची नक्षी घासून राहिली."

मी रुसले. दोन दिवस डबा दुसरीकडं बसून खाल्ला. तिसऱ्या दिवशी अप्पा शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या झाकणात वाढली. चूक झाली वगैरे ते म्हणणार नव्हते. पण आजही एखादं पान तपासायला घेतलं की मी आधी दार उघडतंय का ते बघते, नक्षी मागून.

त्यांच्या चातुर्याची एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, ती इथंही सांगते. एका शिक्षण संस्थेच्या पानावर वरच्या ओळीत पदाधिकाऱ्यांचे फोटो होते. आमच्याकडं चौकातल्या बॅनरवर कुणाचा फोटो कुठं यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, तिथं वेबसाइटची काय कथा. अध्यक्षांपासून सहसचिवांपर्यंत पाच फोटो एका ओळीत, सगळे सारख्या आकाराचे, असं फार विचारानं ठरलं होतं. पान सुरू झालं आणि सहसचिवांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "चौघं वर अन् मी एकटा खाली? मला खाली बसवायला कुणी सांगितलं तेवढं सांगा. नाव सांगा."

त्यांच्या कार्यालयातलं मशीन जुनं होतं. त्यातला ब्राउझर फोटोंमधली जागा दुप्पट धरायचा, त्यामुळं पाचवा फोटो ओळीत मावेना आणि खालच्या ओळीत जाऊन बसला. हे त्यांना कसं समजावणार? मी घाईघाईनं ती जागा कमी करायला घेतली. अप्पांनी मला हातानं थांबवलं आणि फोनवर अतिशय शांतपणे म्हणाले, "साहेब, नीट बघा. ते चौघं वर दाटीवाटीनं बसलेत. तुम्हाला अख्खी ओळ दिली."

पलीकडं खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. मग सहसचिव म्हणाले, "हां. तसं बघितलं तर."

इथंवर ठीक होतं. मी ती चूक दुरुस्त केली, पाचही फोटो सगळीकडं एका ओळीत आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मला परत दाटीत कामून घातलं?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. शेवटी अप्पांनी त्या एका जुन्या ब्राउझरसाठी कोडची वेगळी ओळ माझ्याकडून लिहून घेतली, ज्यामुळं तो फोटो तिथं मुद्दाम खाली पडेल. जगभरातले आमच्या धंद्यातले लोक पडलेलं वर उचलायला खपतात. आम्ही एका माणसासाठी वर असलेलं खाली पाडलं, आणि ती संस्था पुढं आमची कायमची गिऱ्हाईक झाली.

माझं वर्ष मात्र सरत होतं. दिवाळीला गावी गेले तेव्हा आईनं दोन स्थळांची नावं सांगितली होती. मी अप्पांकडं याबद्दल कधी बोलले नव्हते. पण दुकानात मी एकटीच मुलगी, घरून फोन आला की जिन्यात जाऊन हळू बोलणारी. त्यांना कळायचं ते कळलं असणार.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस दादा न सांगता दुकानात आले. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, काखेत दुमडलेली पिशवी, जिना चढून दम लागलेला. मी उठून उभी राहिले आणि मला पाणी द्यायचंही सुचलं नाही. अप्पांनी त्यांना आपली खुर्ची दिली, घड्याळवाल्याला खाली हाक मारून चहा सांगितला, पाऊसपाणी विचारलं, देगलूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडते कोण कोण आहेत ते विचारलं. दादा मोजकं बोलत होते. सारखे माझ्याकडं बघत होते, आणि बोलायचा विषय अजून निघाला नव्हता.

चहा पिता पिता दादांनी वेळ बघायला खिशातून फोन काढला. बटणांचा छोटा फोन, कडा घासलेल्या, मागच्या बाजूला रबर लावलेलं. भावानं कधीतरी त्यात नेट सुरू करून दिलेलं होतं. अप्पांची मान एकदम पुढं आली.

"पाटील, हा फोन किती जुना हाय?"

"लई वर्सं झाली," दादा म्हणाले. "चालू हाय अजून."

"यात पान उघडतं का?"

त्या वेळी आम्ही एका बाजार समितीचं भावाचं पान करत होतो. डावीकडं मालाचं नाव, उजवीकडं भाव. माझंच काम होतं, अजून लोकांपुढं गेलेलं नव्हतं. आमच्या मशीनवर नीट दिसत होतं, सहा नंबरला नीट होतं, आठ नंबरला नीट होतं. अप्पांनी दादांच्या फोनवर ते पान उघडून दिलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "वरून सांगत या पाटील, काय दिसून राहिलं."

दादांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले. "ज्वारी. बरोबर हाय. हरभरा. बरोबर. सोयाबीन..." ते थांबले. "हे सोयाबीनचं न्हाई. हे तुरीचं दिसून राहिलं. अन् तुरीपुढं उडदाचं हाय. हे कुणी केलं?"

"तुमच्या लेकीनं," अप्पा म्हणाले.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी धावत जाऊन बघितलं. फोनचा पडदा अरुंद, त्यामुळं सोयाबीनचं प्रतीसकट लिहिलेलं लांबलचक नाव मोडून दोन ओळींत आलं होतं, आणि दुसऱ्या ओळीपुढं तुरीचा भाव येऊन बसला होता. भावाचा रकाना वेगळा, त्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळं तिथून खाली प्रत्येक भाव एकेक घर वर सरकला होता. तूर विकायला निघालेल्या माणसानं उडदाचा भाव बघून गाडी जुंपली असती.

"आता काय करतेस, माय?" अप्पांनी विचारलं. ते दादांच्या समोर मला वाचवायला आले नाहीत.  मी मशीनपुढं बसले.  नावांचा आणि भावांचा वेगळा रकाना काढून टाकला आणि प्रत्येक नाव त्याच्या भावासकट एका ओळीत बांधलं, म्हणजे नाव मोडलं तरी भाव सोबतच राहील. दादा माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. मी शिकत असताना, परीक्षा देत असताना त्यांनी मला कधी काम करताना पाहिलेलं नव्हतं. झाल्यावर त्यांनी फोनवर पान पुन्हा उघडलं आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली. आमच्याकडच्या मालाची सगळी नावं, एकही न गाळता.

"आता हाय बरोबर," ते म्हणाले.

अप्पांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. तिथं उभं राहून नेहमीसारखे हात जोडले. "पाटील, असला फोन आमच्यापाशी दुसऱ्या कुणाकडंच न्हाई. नवा घेऊ नका. मी फोन करीन, तेवढं सांगत जावा." दारात दोघांची आणखी एक-दोन वाक्यं झाली, माझं तिकडं लक्ष नव्हतं, आणि दादा जिना उतरून गेले. ते कशासाठी आले होते, ते मी विचारलं नाही. ते गेले हेच मला पुरे होतं.

अप्पांचे फोन दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. "पाटील, वरून सांगत या." आधी आठवड्याला एखादा, मग दर दोन-तीन दिवसांनी. दादा बांधावर असायचे, गोठ्यात असायचे, कुणाच्या तेराव्याला असायचे, पण सांगायचे. आई म्हणायची, हल्ली ते जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतात. हळूहळू तेच मला फोन करायला लागले. "राजश्री, ते कालचं दवाखान्याचं, खालचं बटन लई बारीक हाय. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा बसत न्हाई." आमच्या घरात दादांनी मला फोन करणं ही गोष्टच नव्हती. आता ते करत होते, आणि माझ्या कामाविषयी करत होते. वर्ष संपलं तो दिवस मला माहीत होता. तो आला आणि गेला. दादांनी विषय काढला नाही, मी तर श्वाससुद्धा जपून घेत होते.

पण स्थळ यायचं ते आलंच. लातूरचं. घर चांगलं, मुलगा बँकेत, आणि त्यांची एकच अट, मुलीनं नोकरी करायची नाही. दादांनी ते मला सांगितलं नाही. त्यांनी अप्पांना फोन केला. दुपारची वेळ, फोन अर्थातच स्पीकरवर, आणि मी समोरच्या खुर्चीत.

"अप्पा, तुम्ही शिकलेली मानसं. लातूरवाले चांगले हायत, नाव ठेवायला जागा न्हाई. पण तिचं काम बंद करा म्हणून राहिले. काय करावं?"

मी कीबोर्डवरचे हात उचलले. अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. दोन्ही जिल्ह्यांतल्या कुणालाही कशावरही सल्ला द्यायला ते एका पायावर तयार असायचे. त्यांनी नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी दादांनी ऐकलं असतं, इतका त्यांना मान होता. माझी सगळी आशा त्या एका शब्दावर होती.

"पाटील, पानाचं विचारा, सांगतो," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खालच्या घड्याळवाल्याला ऐकू गेला नसेल. "हे मी कसं सांगू? जिचं हाय ती हितं बसलीय. देऊ का फोन?"

पलीकडून एक ट्रॅक्टर गेल्याचा आवाज. मग दादा म्हणाले, "द्या."

मी फोन हातात घेतला. अप्पा उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. दादांनी मला कुठल्या कॉलेजात घालायचं, कुठली शाखा घ्यायची, कुठल्या नातेवाइकाकडं राहायचं हे सगळं ठरवलं होतं, आणि प्रेमानंच ठरवलं होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?" मी रडत नव्हते असं म्हणणार नाही. मी म्हणाले, "दादा, मला काम करायचंय. लग्न करीन, पण काम सोडून नाही." ते म्हणाले, "बरं. तसं कळवतो." एवढंच. फोन ठेवला. अप्पा आत आले आणि सुलोचनाबाईंना फोन लावून त्यांच्या चष्म्यावरून भांडायला लागले.

पुढं लग्न झालं, नांदेडातच, कामाला हरकत नसलेल्या माणसाशी. जुने ब्राउझर एकेक करून गेले. सलीमभाईंनी कॅफे बंद करून मोबाइलचं दुकान टाकलं, सुलोचनाबाई निवृत्त झाल्या. अप्पांना नवं फारसं आवडलं नाही, गिऱ्हाइकांशी त्यांचे खटके उडायला लागले. एक दिवस दुकान माझ्याकडं सोपवून ते उदगीरला मुलाकडं राहायला गेले. जाताना सगळ्या माणसांचे फोन नंबर मला तोंडपाठ म्हणून दाखवले, आणि एक चुकला तेव्हा म्हणाले की तो माणूसच बदलला असेल.

मागच्या वर्षी मी गावी गेले होते, तेव्हा दादांना घेऊन त्यांना भेटायला उदगीरला गेले. अप्पा थकले होते. मिशा आता पांढऱ्या होऊ दिल्या होत्या. दोघं ओसरीत बसून दोन तास बोलले, तूर, नातवंडं, गुडघे. मला त्यात कुणी घेतलं नाही. निघताना अप्पा हट्टानं स्टँडपर्यंत आले. देगलूरची गाडी लागलेली होती. त्यांनी दादांना खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून गाडीच्या सावलीत उभे राहिले.

गाडीत बसल्यावर दादा अचानक म्हणाले, "मी त्या पहिल्या बारीला दुकानात आलतो ना, तुला घेऊन जायला आलतो."

मी त्यांच्याकडं वळले.

"तुझे कपडे भरायला रिकामी पिशवी आणलती. मोठी. अप्पांनी बघितली. दारात म्हनले, 'पाटील, पिशवी रिकामीच हाय, बाजार करायचा राहिला जणू?' आता त्यांच्यापुढं काय सांगावं? हाव म्हनलं. मग गेलो बाजारात, कपबशा घेतल्या, पिशवी भरली अन् गाडीत बसलो."

निळ्या फुलांच्या कपबशा. आमच्या घरी पाहुणे आले की त्यातच चहा देतात. आई अजूनही कुरकुरते, घरात एवढे कप असताना कशाला आणल्या म्हणून.

"त्यांनी ओळखलं होतं का, दादा?"

"मला काय ठाव. पुन्हा कधी विचारलं न्हाई त्यांनी."

कंडक्टरनं घंटी दिली. मी उठले, त्याला थांबा म्हणाले आणि माणसांच्या पिशव्या ओलांडत खाली उतरले. अप्पा परत जायला वळले होते. मी भर स्टँडवर, त्या धुळीत, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.  अप्पांनी मला खांद्याला धरून उठवलं, माझ्या कपाळाला लागलेली धूळ अंगठ्यानं पुसली आणि रागावून म्हणाले, "काय करून राहिली हे? गाडी उभी हाय. चढ, माय. तुझे दादा एकटे बसलेत."